गिटारचा सूर निसटतो कुठे?

इलेक्ट्रिक गिटार सुरात टिकत नाही अशी तक्रार आली, की पहिला संशय खुंट्यांवर जातो. आपल्याकडे तो साहजिकही आहे. तंबोरा, सारंगी, व्हायोलिन या वाद्यांत लाकडाची खुंटी लाकडाच्या भोकात निव्वळ घर्षणावर उभी असते. पावसाळ्यात ती फुगून घट्ट बसते, कोरड्या हवेत आटून सैल होते, मग खडू लावा, आत दाबा, पुन्हा पिळा. ज्यांच्या घरात ही वाद्यं आहेत त्यांना खुंटी सरकणं नवीन नाही. त्याच अनुभवाच्या जोरावर गिटारवालाही दुकानात जाऊन म्हणतो, ‘की बदलून द्या.’ शे-दोनशेपासून काही हजारांपर्यंत पैसे जातात, नवा चकचकीत संच बसतो, आणि दोन गाण्यांनंतर तिसरी तार पुन्हा उतरलेली असते.

गिटारच्या कीची रचनाच वेगळी आहे. आत एक मळसूत्री दांडा असतो आणि त्याच्या आट्यांत अडकलेलं एक छोटं दातेरी चाक. बटण फिरवलं की दांडा फिरतो आणि दांडा चाकाला फिरवतो. उलटं मात्र होत नाही. तार कितीही जोरात ओढत असली तरी चाक दांड्याला मागे ढकलू शकत नाही. बहुतेक कींचं प्रमाण १४ ला १ किंवा १८ ला १ असतं, म्हणजे बटणाचे चौदा किंवा अठरा फेरे झाले की तार गुंडाळणारा खांब एक फेरा पूर्ण करतो. स्वस्तातल्या कीत दात आणि आटे यांच्यात थोडी ढिलाई असते, हे खरं. पण तारेचा ताण ती ढिलाई एकाच बाजूला दाबून ठेवतो. अट एवढीच, की सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. सूर चढलेला असेल तर तो आधी चांगला खाली उतरवायचा आणि मग वर आणून जागेवर थांबायचं. वरून खाली येत थांबलात तर ढिलाई तशीच शिल्लक राहते आणि पहिल्याच जोरकस आघाताला तार ती वापरून टाकते. की खरोखर मोडली असेल, बटण हलत असेल किंवा खांब डुगडुगत असेल, तर गोष्ट वेगळी. पण असं क्वचित घडतं.

मग तार सुटते कुठे? त्यासाठी थोडं गणित करावं लागेल, आणि ते करण्यासारखं आहे, कारण एकदा आकडे डोळ्यांसमोर आले की बाकीचं आपोआप उलगडतं.

इलेक्ट्रिक गिटारवर सर्रास चढवला जाणारा संच म्हणजे ‘टेन’चा संच. त्याची सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची असते आणि सर्वांत जाड ०.०४६ इंचाची. फेंडरच्या साडेपंचवीस इंची, म्हणजे ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर हा संच सुरात लावला, की सहा तारांचा मिळून ताण साधारण ४७ किलो भरतो. दर तारेमागे सात ते नऊ किलो. ताण जवळपास सारखा असला तरी तारांची जाडी सारखी नाही, आणि गंमत इथेच आहे. बारीक पोलादी तार तेवढा ताण घेण्यासाठी पुष्कळ लांबते आणि जाड तार थोडीच लांबते. पहिली तार, म्हणजे वरचा ई, सुरात येईपर्यंत सुमारे साडेचार मिलिमीटर ताणली गेलेली असते. तिसरी तार, म्हणजे जी, ही ०.०१७ इंच जाडीची, वेटोळं नसलेली साधी तार असते. ती ताणली जाते जेमतेम १.६ मिलिमीटर.

आता समजा, ही जीची तार नटमधून किंवा खांबावरून केसभर सरकली. माणसाचा जाडसर केस साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. एकूण १.६ मिलिमीटरमधून ०.१ गेला, म्हणजे ताण सहा टक्क्यांनी घटला. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे सूर तीन टक्क्यांनी उतरला. लगतच्या दोन फ्रेटमधलं अंतर १०० सेंट धरतात. त्या मापात हे सुमारे ५० सेंट झाले, म्हणजे अर्धा फ्रेट. सरावलेल्या कानाला पाच-सहा सेंटसुद्धा खटकतात. तेवढाच केसभर सरक पहिल्या तारेवर झाला तर सूर वीस सेंटच्या आतच उतरतो. जीच्या तारेबद्दल जगभरचे गिटारवादक कुरकुरतात ते उगाच नाही.

हा केसभर सरक बहुतेक वेळा नटवर होतो. नट म्हणजे हेडस्टॉक आणि फिंगरबोर्ड यांच्या मधली, सहा खाचा पाडलेली ती बारीकशी पट्टी. हाड, प्लॅस्टिक, ग्राफाइट, पितळ, टस्कसारखं कृत्रिम हस्तिदंत, असं कशाचंही बनवलेलं असतं. किमतीच्या मानाने गिटारचा हा सर्वांत स्वस्त भाग, आणि सूर टिकण्याच्या बाबतीत माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. तुम्ही तार बेंड करता, म्हणजे बोटाने बाजूला ओढून सूर चढवता, तेव्हा वाजत्या भागातला ताण वाढतो आणि नटपलीकडची, कीच्या बाजूची थोडी तार खाचेतून अलीकडे ओढली जाते. बोट सोडलं की ती परत पलीकडे जायला हवी. खाच गुळगुळीत आणि योग्य मापाची असेल तर ती जाते. खाच अरुंद असेल, तळाशी खरबरीत असेल, तर ती मध्येच अडकते. वाजत्या भागात तार जास्त, ताण कमी, आणि सूर उतरलेला.

यावरून दोष ओळखायची एक साधी चाचणी निघते. तार अचूक सुरात लावा, दोन-चार वेळा जोरात बेंड करा आणि ट्यूनरवर बघा. सूर उतरला असेल तर कीला हात लावू नका. नट आणि की यांच्या मधला तारेचा तुकडा बोटाने एकदा हलकेच दाबून सोडा. सूर परत जागेवर आला, तर अडकलेली तार मोकळी झाली आणि गुन्हेगार नटच. नाही आला, तर नट निर्दोष. मग तार खांबावरच्या वेढ्यांत सरकते आहे किंवा ब्रिजकडच्या टोकाशी काहीतरी बसतं आहे. व्हॅमी बार, म्हणजे ब्रिज हलवून सूर खालीवर करणारा दांडा, असलेल्या गिटारवर उलटं चित्रही दिसतं. बार खाली दाबून सोडल्यावर सूर उतरण्याऐवजी चढलेला राहतो, कारण ताण सैल झाल्यावर तार कीच्या बाजूला ओढली गेली आणि परत येताना खाचेत अडली. बेंडनंतर उतरलेला आणि बारनंतर चढलेला सूर एकाच गिटारवर सापडला, तर आणखी पुरावा शोधत बसू नये. आणखी एक खूण कानाने कळते. की हळूहळू फिरवताना सूर सरसर चढण्याऐवजी ‘टिंग’ असा आवाज करून एकदम उडी मारतो. तो आवाज खाचेत अडकलेली तार सुटल्याचा.

खाच बिघडलेली असण्याची कारणं बहुधा साधी असतात. कारखान्यात ती ‘नाइन’च्या संचासाठी पाडलेली असते आणि आपण दुकानातून ‘इलेव्हन’ आणून चढवतो. जाड तार अरुंद खाचेत पाचरीसारखी बसते. किंवा खाचेचा तळ कीच्या दिशेने उतरता असायला हवा, तो सपाट राहिलेला असतो. पहिली मलमपट्टी म्हणजे पेन्सिल. मऊ शिशाची पेन्सिल खाचेत घासली की ग्राफाइटची पूड वंगणाचं काम करते. तार बदलताना दर वेळी हे करावं. त्याने भागलं नाही तर त्या-त्या जाडीच्या बारीक कानशींनी खाच नीट करून घ्यावी लागते. हे काम जाणकाराकडून करून घ्यावं, कारण खाच थोडी खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नटच बदलावा लागतो.

नव्या तारांबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, की पहिले काही दिवस पोलाद ताणलं जातं. पोलाद फारसं बदलत नाही. आवळत जातात ते खांबावरचे सैल वेढे, ब्रिजकडच्या गोळीभोवतीचा पीळ आणि तार जिथे जिथे वाकते तिथली वळणं. म्हणून तार चढवताना दोन-तीन वेढे पुरेत, तेही एकाखाली एक, एकमेकांवर न चढणारे. मग तार हाताने हलकेच वर ओढायची, सूर लावायचा, पुन्हा ओढायची, आणि ओढूनही सूर उतरेनासा झाला की थांबायचं. सात-आठ वेढ्यांची गुंडाळी दिसायला भरभक्कम असते, पण सरकायला तितकीच जागा देते. लॉकिंग कीत तार खांबातच चिमटली जाते, त्यामुळे वेढ्यांचा प्रश्न मिटतो आणि तार बदलायला वेळही कमी लागतो. नटचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही. लॉकिंग की बसवूनही सूर उतरतो म्हणून चिडलेले वादक बहुधा इथेच फसलेले असतात.

हेडस्टॉकचा आकार ही निव्वळ शोभेची बाब नाही. १९५२ साली आलेल्या गिब्सन लेस पॉलचं हेडस्टॉक नेकच्या रेषेपासून १७ अंश मागे झुकलेलं असतं आणि त्यावर की दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्यामुळे नट ओलांडताना तार दोन दिशांना वळते, एकदा मागे आणि एकदा बाजूला. मधल्या डी आणि जीच्या तारा सर्वांत जास्त बाजूला जातात. जी आधीच नाजूक, त्यात हे वळण. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर सहाही की एका रांगेत आहेत आणि तारा नटमधून सरळ जातात. पण तिचं हेडस्टॉक झुकलेलं नाही, सपाट आहे. बारीक तारा नटवर पुरेशा दाबल्या जाव्यात म्हणून त्यांना खाली ओढणारे छोटे आकडे, स्ट्रिंग ट्री, लावावे लागले. तार घासली जायची आणखी एक जागा तयार झाली. पुढे काहींनी खांबांची उंची क्रमाने कमी करत नेली आणि त्या आकड्यांची गरज संपवली. पॉल रीड स्मिथने दोन्हीकडे तीन-तीन की ठेवूनही त्या अशा मांडल्या, की तारा जवळजवळ सरळ जातात. नेड स्टाइनबर्गरने १९८० च्या आसपास हेडस्टॉकच काढून टाकलं.

बांधणीचा खरा कस नेकवर लागतो. ४७ किलोचा ताण नेकला सतत पुढे वाकवू पाहतो. त्याला उलटा जोर देणारी पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, नेकच्या पोटात असते. गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. नेक अगदी सरळही चालत नाही. मधोमध कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढा, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा खोलगटपणा ठेवतात, म्हणजे कंप पावणारी तार फ्रेटला लागत नाही. लाकूड दमट हवेत फुगतं, पण आडवं. लांबीच्या दिशेने ते फारसं बदलत नाही. पंचाईत अशी, की नेक एका लाकडाचा, वरचा फिंगरबोर्ड दुसऱ्या लाकडाचा, आणि दोघं सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. म्हणून कोकणपट्टीत जून उजाडला की नेक थोडा वाकतो, तारा उंच झाल्यासारख्या वाटतात आणि सहाही तारांचा सूर एकदम हलतो. त्रिज्येच्या दिशेने कापलेलं लाकूड, दोन-तीन पट्ट्या उलटसुलट धाग्याने चिकटवलेला नेक, भट्टीत भाजून ओलावा घालवलेलं मेपल, हे सगळे याच हालचालीवरचे उपाय. त्यांचे पैसे द्यायला हरकत नाही.

नेक चार स्क्रूंनी बसवलेला असावा की सरसाने चिकटवलेला, या वादात सूर टिकण्यापुरतं तरी फारसं तथ्य नाही. लिओ फेंडरची स्क्रूची पद्धत उत्पादन आणि दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून आली. खाचेत नेक घट्ट बसला असेल तर तो हलत नाही. बॉडी कोणत्या लाकडाची, त्याने आवाज किती बदलतो, या भांडणात तर इथे शिरायलाच नको.

व्हॅमी बार हा या प्रकरणाचा दुसरा मोठा भाग. स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज पुढच्या बाजूने स्क्रूंवर टेकलेला असतो आणि मागच्या बाजूने बॉडीच्या पोटातल्या स्प्रिंगांनी ओढून धरलेला. एकीकडे सहा तारा, दुसरीकडे तीन ते पाच स्प्रिंगा, अशी ही अखंड रस्सीखेच आहे. म्हणूनच तरंगत्या ब्रिजवर एक तार बेंड केली की बाकीच्या पाच किंचित उतरतात, आणि एक तार तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात. हा बिघाड नव्हे, या रचनेचा हिशेबच तसा आहे. ज्यांना बारची गरज नाही त्यांनी ब्रिज बॉडीला टेकवून ठेवावा. एरिक क्लॅप्टनही आपल्या स्ट्रॅटवर लाकडाचा ठोकळा घालून तो जाम करून टाकतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्लॉइड रोझने या सगळ्यावर जालीम तोडगा काढला. तार ब्रिजमध्येही चिमट्यात आणि नटमध्येही चिमट्यात. सरकायला दोन्हीकडे वावच नाही. एडी व्हॅन हेलनच्या हातात ती यंत्रणा गेली आणि बार पार खाली दाबून तारा लोंबकळत सोडल्या तरी सूर परत जागेवर येतो, हे सगळ्यांनी ऐकलं. पण नट आवळल्यावर की निरुपयोगी होतात. मग बारीकसा फरक पडला तर दुरुस्त कसा करायचा? त्यासाठी पुढे ब्रिजवरच छोटे स्क्रू आले. मिरजेच्या तंबोऱ्याला घोडीच्या खाली तारेत ओवलेले मणी जे काम करतात, तेच काम. या यंत्रणेच्या स्वस्त आवृत्त्यांत मात्र जपून. ब्रिज ज्या धारेवर डोलतो ती धार कडक पोलादाची लागते. मऊ धातूची धार काही महिन्यांत बोथट होते आणि मग ब्रिज दर वेळी वेगळ्याच जागी येऊन थांबतो. इथे पैसे वाचवू नयेत, नाहीतर सरळ स्थिर ब्रिजची गिटार घ्यावी.

यंत्राने सूर लावून घेण्याचाही प्रयोग झाला. गिब्सनने २००७ मध्ये स्वतःच की फिरवणारी रोबोट गिटार आणली, आणि २०१५ मध्ये तशी यंत्रणा बहुतेक मॉडेलांवर सरसकट बसवली. वादकांना ती रुचली नाही. पुढच्याच वर्षी हाताने फिरवायच्या की परत आल्या. मला त्यात नवल वाटत नाही. मोटर सूर लावून देते, पण नटमध्ये तार अडकत असेल तर पुढच्या बेंडला तो पुन्हा उतरणारच.

हवेचा परिणाम मात्र उत्तम गिटारलाही टळत नाही. पोलाद तापलं की प्रसरण पावतं आणि ताण घटतो. नुसत्या तारेचा विचार केला तर जीच्या तारेला दर अंशामागे सुमारे चार सेंटचा फटका बसतो आणि पहिल्या तारेला दीड सेंटच्या आत. एसी हॉलमधून गिटार काढून दहा अंश जास्त गरम मंडपात नेली, की जी ४० सेंटच्या आसपास उतरू शकते आणि वरचा ई पंधराच्या आत. सगळ्या तारा सारख्या उतरल्या असत्या तर एकट्याने वाजवताना कळलंही नसतं. त्या वेगवेगळ्या उतरतात म्हणून कॉर्ड फाटतो. गिटार कव्हरमधून काढून स्टेजवर अर्धा तास उघडी ठेवा आणि मगच सूर लावा. दिवे लागले की पुन्हा एकदा तपासा.

आणि एवढं करूनही ई मेजर कॉर्डमधला गंधार टोचत असेल, तर ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्यांनी कीला हात लावण्याआधी थांबावं. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. त्यांतला शुद्ध गंधार तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंटनी चढा असतो. हार्मोनियमबद्दलची आपली जुनी तक्रार तीच. तो एक गंधार गोड करण्यासाठी जी उतरवलीत, तर सी आणि जीचे कॉर्ड बिघडतील. या बाबतीत ट्यूनरवर विश्वास ठेवा.

नवी गिटार घ्यायला जाल तेव्हा ट्यूनर बरोबर न्या. दुकानदाराला सूर लावून द्यायला सांगा, प्रत्येक तार दोनदा जोरात बेंड करा, बार असेल तर दाबून सोडा, नेकला मागून किंचित ओढ देऊन बघा, आणि पुन्हा मोजा. आजकाल स्वस्त गिटारचाही नेक यंत्रावर कापलेला असतो आणि बऱ्याचदा बरा निघतो. काटकसर होते ती हाताच्या कामात, आणि नटच्या खाचा हे हाताचंच काम. पंधरा हजारांची गिटार बेंडनंतर जागेवर राहत असेल आणि साठ हजारांची राहत नसेल, तर पंधरा हजारांची घ्या. उरलेल्या पैशांतून एक चांगला सेटअप करून घ्या, आणि की बदलायचा विचार सर्वांत शेवटी करा.